ऑडिओबुकचा मंद वेग काढून टाकल्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : निवेदनाचा वेग १ पटीपेक्षा कमी करण्याची सोय परत मिळण्याबाबत

महोदय,

आम्ही तुमच्या ऑडिओबुक ॲपचे वार्षिक सभासद आहोत. नव्या अपडेटनंतर निवेदनाचा वेग १ पटीच्या खाली आणता येत नाही. वर मात्र ३ पटीपर्यंत मुभा आहे.

माझ्या मुलाला डिस्लेक्सिया आहे. बडोद्यात मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयातून आम्ही छापील प्रत आणतो. तो ओळीवर बोट ठेवून ऐकत ऐकत वाचतो. जोडाक्षर आले की अडखळतो. ०.८ वेगावर शब्द कानावर पडे तेव्हा बोटही त्याच शब्दावर असे. आता बोट पहिल्या ओळीवर असते आणि आवाज तिसऱ्या ओळीवर पोचलेला असतो. थोड्या वेळाने तो पुस्तक मिटतो. 'मागे नेऊन पुन्हा ऐकवा' हा तुमचा सल्ला इथे उपयोगाचा नाही. गोष्ट त्याला पहिल्यांदाच कळते. मागे पडतात ते डोळे.

माझी जाऊ गुजराती आहे. बोलण्यातले मराठी ती घरात शिकली, पण पुस्तकातली लांब वाक्ये नेहमीच्या वेगात ऐकताना प्रत्यय निसटतात आणि कोणी कोणाला काय म्हटले तेच कळत नाही. बडोद्यात अशी घरे पुष्कळ आहेत.

तुमच्या प्रतिनिधींनी फोनवर सांगितले की वेग कमी केला की आवाज बिघडतो. अगदी अर्ध्या वेगावर तो घुमतो, हे मान्य. पण ०.८ ला आम्हाला कधीच त्रास झाला नाही. आवाजाची पट्टी न बदलता वेग कमी करणे साध्या ब्राउझरलाही जमते, आणि अंधांसाठीच्या 'डेझी' या बोलक्या पुस्तकांच्या यंत्रांत ही सोय पूर्वीपासून आहे. हळू ऐकणारे ग्राहक थोडे, हे त्यांचे दुसरे कारण ऐकून वाईट वाटले. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये डिस्लेक्सियाचा समावेश आहे, हे तुमच्या कंपनीला ठाऊक असायला हवे.

०.६ ते १ दरम्यानचे वेग ०.०५ च्या पायरीने द्यावेत आणि प्रत्येक पुस्तकाचा निवडलेला वेग ॲपने लक्षात ठेवावा. दोन वाक्यांमधला विराम वाढवता आला तर फारच बरे; मुलाला नुसत्या मंद आवाजापेक्षा त्याचा जास्त उपयोग होईल.

या महिनाअखेरपर्यंत हे होणार नसेल, तर उरलेल्या मुदतीची वर्गणी परत करावी. उत्तर लेखी द्यावे.

आपली,
एक सभासद
दांडिया बाजार, बडोदे