जोर-जांभळीच्या मुलींची वही

फिलाडेल्फिया
रविवार, 8 मार्च 2026

ती. आई-बाबा यांना सा. न. वि. वि.

मागच्या शनिवारी फोनवर बाबा म्हणाले, "पगार नाही, वर तूच पैसे द्यायचे, सुट्टीचे दिवस घालवायचे. मग त्या मंडळात जायचं तरी कशाला?" आई काहीच बोलली नाही, आणि ते मला जास्त लागलं. बाबांना फोनवर नीट ऐकू येत नाही, मला ओरडून असलं काही सांगता येत नाही, म्हणून हे पत्र. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालंय, तेव्हा अक्षर मोठं काढते आहे. आई, तूच वाचून दाखव.

आधी हे मंडळ म्हणजे काय ते सांगते. वेस्ट फिलाडेल्फियात एक छोटी संस्था आहे. ज्या मुलांच्या घरी मोठ्या माणसांना वेळ नाही, किंवा मोठं माणूस एकच आहे, अशा मुलांची एकेका मोठ्या माणसाशी जोडी लावून देते. त्या माणसानं महिन्यातून दोन-तीनदा त्या मुलाला भेटायचं. लायब्ररीत जायचं, सायकल शिकवायची, कधी नुसतं बसून बोलायचं. किमान एक वर्ष. शिकवणी नाही, की खाऊवाटप नाही. मेंटर म्हणतात त्याला.

ही पद्धत इथे जुनी आहे. 1904 मध्ये न्यूयॉर्कच्या बालन्यायालयात अर्नेस्ट कूल्टर नावाचे एक कारकून होते. रोज तीच मुलं कोर्टात येताना बघून त्यांनी एका चर्चच्या पुरुषमंडळापुढे गाऱ्हाणं घातलं, की एकेका मुलाला एकेक मोठा भाऊ मिळाला तर निम्मं काम होईल. साधारण त्याच सुमारास लेडीज ऑफ चॅरिटी ह्या गटातल्या बायका कोर्टात येणाऱ्या मुलींसाठी हेच करत होत्या. पुढे देशभर अशा संस्था झाल्या आणि 1977 मध्ये त्या बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स ह्या नावाखाली एकत्र आल्या. आमची संस्था त्यांची शाखा नाही, पण चालते त्यांच्याच वळणावर.

तर ह्या संस्थेला सल्ला द्यायला, पैसे उभे करायला, नवी माणसं जोडायला आम्ही अकरा बायका. निवृत्त न्यायाधीश आहेत एक. एका हॉस्पिटलच्या नर्सिंग विभागाच्या प्रमुख, एक बँकेतली, दोघी माझ्यासारख्या सॉफ्टवेअरमधल्या. आणि 52 व्या रस्त्यावर जिचं केस विंचरायचं दुकान आहे ती एक बाई. आई, तुला ती फार आवडेल. तिच्या खुर्चीत तीस वर्षं त्या वस्तीतल्या आया बसल्यात. कुठल्या घरात काय चाललंय, कुणाची नोकरी गेली, कुणाच्या मुलीला सध्या कुणीतरी हवंय, हे तिला आमच्या कुठल्याही तक्त्याआधी कळतं. न्यायाधीशबाईसुद्धा तिचं बोलणं संपेपर्यंत मध्ये बोलत नाहीत.

आता तुम्हाला कधीच न सांगितलेली एक गोष्ट.

नऊ वर्षांपूर्वी मी न्यू जर्सीत होते तेव्हाही असं काम घेतलं होतं, दुसऱ्या एका संस्थेत. दहा वर्षांची मुलगी होती. पोलीस तपासणी, मुलाखत, सगळं होऊन मोठ्या उत्साहानं सुरुवात केली. चौथ्या महिन्यात मला इथली नोकरी लागली आणि मी निघून आले. शेवटच्या भेटीत तिला म्हटलं, "मी फोन करीन." दोनदा केला. तिसऱ्यांदा तिच्या आजीनं उचलला आणि म्हणाली, "ती बाहेर गेलीय." मागे तिचा आवाज मला ऐकू येत होता. मी मुकाट्यानं फोन ठेवला, आणि पुन्हा केला नाही.

नंतर वाचलं, तेव्हा ते मनात जाऊन बसलं. बाबा, तुम्हाला आकडे लागतात, म्हणून लिहिते. 1995 मध्ये आमच्याच फिलाडेल्फियातल्या एका संशोधन संस्थेनं आठ ठिकाणच्या 959 मुलांचा अभ्यास केला. निम्म्या मुलांना लगेच जोडी दिली, निम्म्यांना दीड वर्ष प्रतीक्षायादीवर ठेवलं. जोडी मिळालेल्या मुलांत अमली पदार्थांकडे वळण्याचं प्रमाण 46 टक्क्यांनी कमी निघालं, दारूचं 27 टक्क्यांनी, आणि शाळा बुडवण्याचे दिवस जवळजवळ निम्म्यावर आले. महिन्यातून तीनदा कुणीतरी भेटायला येतं, एवढ्यानं! पण त्याच माहितीवरून 2002 मध्ये पुढचा अभ्यास झाला, त्यात दुसरी बाजू दिसली. ज्यांची जोडी वर्षाहून जास्त टिकली त्यांना सगळ्यात जास्त फायदा. आणि ज्यांची तीन महिन्यांच्या आत तुटली, त्या मुलांचं स्वतःबद्दलचं मत आधीपेक्षाही खाली गेलं. माझी चार महिने टिकली होती. तीन आणि चार ह्यात फार फरक असेल असं मला वाटत नाही.

म्हणून ह्या खेपेला बोलावणं आलं तेव्हा मी आधी एकच विचारलं: जोड्या तुटू नयेत म्हणून तुम्ही काय करता? संचालकबाई म्हणाल्या, "आमच्याकडे दोन कोऑर्डिनेटर आहेत. त्या दर महिन्याला मेंटरला फोन करतात, मुलाशी बोलतात, घरच्यांशी बोलतात. गेल्या वर्षी तीन होत्या." तिसरीच्या पगाराला पैसे उरले नव्हते.

पहिल्याच बैठकीत ह्यावरून वाद झाला. देणगीदारांना मुलांवर थेट खर्च झालेला दिसायला हवा असतो. वह्या, सहली, दप्तरं. पगार म्हटला की कपाळाला आठ्या. सॉफ्टवेअरमधली दुसरी म्हणाली, फोन करायला माणूस कशाला हवं, आपण मेसेज आपोआप जातील असं काहीतरी बनवू. बनवायला मला दोन रविवार पुरले असते. मला त्या वेळी बाबा आठवले, पतसंस्थेच्या वार्षिक सभेत उभे राहिलेले. क्लार्कचा पगार वाचवावा असा ठराव आला होता आणि तुम्ही म्हणाला होता, "वसुली कागद करत नाही, माणूस दारात जातो म्हणून होते." मी लहान होते, तुमच्या शेजारी पेढ्याच्या आशेनं बसले होते. ते वाक्य मी तिथे इंग्रजीत सांगितलं. जमाखर्चाचा कागद पुढे ओढला आणि दाखवलं, की पगाराचा जो आकडा खर्च म्हणून खुपतोय, तोच ह्या संस्थेचा सगळा धंदा आहे. मेंटर फुकट येतात. ते टिकावेत म्हणून कुणीतरी लक्ष ठेवावं लागतं, आणि ते लक्ष फुकट मिळत नाही.

केशकर्तनवाली म्हणाली, "माझ्या दुकानात पण बाई परत येते ती आरशासाठी येत नाही."

तिसऱ्या कोऑर्डिनेटरच्या पगाराची जबाबदारी आम्ही अकरा जणींनी घेतली, तीन वर्षांसाठी. इथे रीत अशी आहे, की मंडळावर बसायचं तर स्वतः द्यायचं किंवा ओळखीतून मिळवून आणायचं. माझ्या वाट्याचं मी अर्धं दिलं आहे, अर्धं ऑफिसातून आणीन. बाबा, तुम्ही ज्याला "वर पैसे द्यायचे" म्हणालात, ते हे पैसे.

आणखी एक अडचण आहे, आणि त्यात आम्ही बायका कमी पडतो. मेंटर व्हायला बायका पुष्कळ येतात, पुरुष थोडे. त्यामुळे मुलींपेक्षा मुलगे यादीवर जास्त काळ थांबतात. अकरा-बारा वर्षांचे मुलगे. दोन वर्षं थांबले की ते स्वतःच म्हणतात, आता नको. प्रत्येकीनं घरातला, ऑफिसातला एक तरी पुरुष आणायचा असं ठरलं आहे. तुमच्या जावयांनी गेल्या आठवड्यात अर्ज भरला. बुद्धिबळ शिकवीन म्हणतात. मी सांगितलं, आधी वर्षभर कुठे बदली होणार नाही ना ते बघा, मग बुद्धिबळ.

आता आईच्या न बोलण्याबद्दल. तुझ्या मनात काय आलं ते मला ठाऊक आहे. आपल्याकडे काय कमी मुलं आहेत, परक्यांच्या मुलांसाठी एवढं करते आणि वाईला चार दिवस यायला हिला रजा मिळत नाही. हे मनात येणारच, आणि त्यातला दुसरा भाग खरा आहे. ह्याची माफी मी पत्रात मागत नाही, प्रत्यक्ष आल्यावर मागीन.

पण परक्यांचं म्हणशील तर ऐक. येत्या बुधवारी, 11 मार्चला, आनंदीबाई जोशी ह्याच शहरात डॉक्टर झाल्या त्याला 140 वर्षं होतील. त्यांचं कॉलेज आता ड्रेक्सेल विद्यापीठात सामावलं आहे. साडी नेसलेल्या आनंदीबाई, शेजारी जपानी आणि सीरियातली मैत्रीण, तो फोटो तिथल्याच संग्रहातला. त्या पदवीदानाला पंडिता रमाबाई आल्या होत्या. मग त्या दोन वर्षं ह्या देशात गावोगाव बोलत फिरल्या. आपल्याकडच्या बालविधवांची स्थिती सांगणारं त्यांचं इंग्रजी पुस्तक 1887 मध्ये इथेच निघालं, आणि त्याला प्रस्तावना कॉलेजच्या डीन रेचल बॉडली यांनी लिहिली. त्याच वर्षी डिसेंबरात बॉस्टनला रमाबाई असोसिएशन उभी राहिली. दारूबंदी चळवळीच्या पुढारी फ्रान्सिस विलर्ड यांच्यासारख्या मोठ्या बाई तिच्या उपाध्यक्षांत होत्या. गावोगावच्या बायकांनी वर्षाला एक डॉलर द्यायचं कबूल केलं, आणि ते एका वर्षापुरतं नाही, दहा वर्षं. त्या पैशांवर 11 मार्च 1889 ला मुंबईत विधवा मुलींसाठी शारदा सदन ही शाळा आणि वसतिगृह उघडलं. पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. ज्या बायकांनी पुणं कधी पाहिलं नव्हतं, पाहणारही नव्हत्या, त्यांनी आपल्याकडच्या मुलींसाठी दहा वर्षांचा शब्द दिला. आई, मला तीन वर्षांचं ओझं वाटत नाही ते ह्यामुळे.

बाबा म्हणतील, पुढे काय झालं तेही सांग. सांगते. 1893 मध्ये सदनातल्या मुली रमाबाईंच्या ख्रिस्ती प्रार्थनेला बसू लागल्या म्हणून वादळ उठलं, 'केसरी'त लेख आले, रानडे-भांडारकरांसारख्या सल्लागारांनी राजीनामे दिले, आणि पालकांनी मुली काढून नेल्या. कोण बरोबर ह्यावर आपल्या घरात बाबा आणि काका किती भांडलेत ते मी ऐकलंय. मला आता मंडळावर बसल्यावर त्यातलं वेगळंच खुपतं. त्या काढून नेलेल्या मुलींना कुणी विचारलं असेल का? म्हणून मी आमच्या मंडळात आग्रह धरला, की ज्या लहानपणी स्वतः ह्या यादीवर होत्या अशा दोघी तरी आमच्याबरोबर बसायला हव्यात. एक आली आहे, चोवीस वर्षांची. तिनं पहिल्याच दिवशी आमचा एक बेत मोडला. देणगीच्या जेवणावळीत मुलांना व्यासपीठावर आणून त्यांची कहाणी सांगायला लावायची असं ठरत होतं. ती म्हणाली, "दहाव्या वर्षी मला कुणी तसं उभं केलं असतं तर मी परत आले नसते." विषय तिथेच संपला.

आणि आई, तू तर हे सगळं कसल्याही मंडळाशिवाय केलंस. पावसात शेवटची एसटी बुडाली की धरणापलीकडच्या जोर-जांभळी गावांच्या मुली आपल्याकडे राहायच्या. दहावीच्या वर्षाला तर चार-चार महिने माजघरात वळकट्या असायच्या. मला तेव्हा राग यायचा, माझी उशी त्यांना जायची म्हणून. तुझ्याकडे एक लांबट वही होती, निळ्या पुठ्ठ्याची. कोण आली, कोण आली नाही, कुणाच्या वडिलांना निरोप पाठवला. आठवडाभर मुलगी दिसली नाही की तू रविवारी बाबांना स्कूटर काढायला लावायचीस आणि धरणापलीकडे जायचीस. परत आलीस की वहीत टिपायचीस.

ती वही अजून आहे का? असली तर चार-पाच पानांचे फोटो भाऊकडून पाठव. मुलींची नावं झाकून. कुठल्या कारणापुढे तू काय लिहायचीस आणि किती दिवसांनी जायचं ते कसं ठरवायचीस, ते मला आमच्या तिघी कोऑर्डिनेटरना दाखवायचं आहे. त्यांच्याकडे संगणकावरचे तक्ते आहेत, पण कधी दारात जायचं ते तक्त्यात कळत नाही.

बाबा, तुमच्यासाठी संस्थेचा दोन वर्षांचा जमाखर्च सोबत पाठवते आहे. सार्वजनिक कागद आहे, कुणीही बघू शकतो. डॉलरचे रुपये करत बसू नका, नुसतं बघा की कुठे काही खटकतं का. मला भाड्याची रक्कम जास्त वाटते.

मीही आता पुन्हा एकीची मेंटर आहे. अकरा वर्षांची आहे, आजीकडे राहते. नाव लिहीत नाही, तसा नियम आहे. ऑक्टोबरात सुरुवात झाली, म्हणजे पाच महिने झाले. चौथा महिना संपला त्या दिवशी मी ऑफिसातून लवकर निघून उगाचच तिच्या रस्त्यावरून चालत गेले. ती जास्त बोलत नाही. गेल्या खेपेला लायब्ररीतून निघताना मात्र तिनं आपण होऊन विचारलं, "पुढच्या शनिवारी कुठे?"

त्यावरून आठवलं. आजपासून इथली घड्याळं एक तास पुढे गेली. आणि शनिवारी सकाळी मी तिच्याकडे असते, तेव्हा शनिवारी संध्याकाळी सातला फोनपाशी थांबू नका. मी इथल्या शनिवारी रात्री करीन, म्हणजे तुमच्या रविवारी सकाळी सातला. आईची पूजा तोवर आटपलेली असते आणि बाबांनी तेव्हा तरी ते कानाचं यंत्र लावलेलं असावं.

डोळ्यांचे थेंब दिवसातून चार वेळा, विसरू नका. भाऊला आशीर्वाद.

तुमची
ताई