माहिती व प्रसारण मंत्र्यांना खुले पत्र : आपण चित्रपटाच्या बाजूने कधी उभे राहणार?

माननीय केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

मी महाविद्यालयात फ्रेंच शिकवते. गेल्या शनिवारी आमच्या चित्रपट मंडळात सेलीन सियामा यांचा २००७ सालचा ‘वॉटर लिलीज’ दाखवायचा होता. सभागृह देण्याचा शब्द मिळाला होता, विद्यार्थिनी येऊन बसल्या होत्या, आणि ऐन वेळी व्यवस्थापनाने सेन्सॉरचे प्रमाणपत्र मागून खेळ रद्द केला. याच सभागृहात आम्ही याआधीही फ्रेंच चित्रपट दाखवले आहेत. त्यांत मुलामुलींची प्रेमे होती आणि तेव्हा कोणीही प्रमाणपत्र विचारले नव्हते.

या चित्रपटात पॅरिसजवळच्या सेर्जी-पोंतवाझ या उपनगरातली १५ वर्षांची मारी पोहण्याच्या संघातल्या फ्लोरियान या मुलीकडे ओढली जाते, तिच्या घरच्या कचऱ्यातून तिने खाऊन टाकलेल्या सफरचंदाचा गाभा उचलते आणि त्याला दात लावते. पहिल्या प्रेमातली ही भूक आणि ही लाज मी त्याच वयात भोगली आहे. ती कुठल्याही पडद्यावर दिसली नाही, म्हणून आपल्यातच काही विकृती आहे असे मानून मी उमेदीची वर्षे घालवली, आलेले प्रत्येक स्थळ नाकारत राहिले आणि त्याचे कारण आईला तिच्या अखेरपर्यंत सांगू शकले नाही. शनिवारी उठून गेलेल्या मुलींपैकी एखादी आज याच समजुतीत जगत असेल, तर तिला काय उत्तर द्यायचे?

डिसेंबर १९९८ मध्ये मुंबईत दोन स्त्रियांच्या प्रेमावरच्या ‘फायर’ या चित्रपटावरून चित्रपटगृहांची मोडतोड झाली, तेव्हा सेन्सॉर मंडळाने कोणतेही दृश्य न कापता संमत केलेला तो चित्रपट आपल्याच मंत्रालयाने फेरतपासणीसाठी परत पाठवला. तोडफोड करणाऱ्यांचे काम सरकारने पूर्ण केले, असेच मला तेव्हा वाटले आणि आजही वाटते.

फ्रान्समध्येही सारे गोड नाही. दोन तरुणींच्या प्रेमावरच्या ‘ब्लू इज द वॉर्मेस्ट कलर’ या फ्रेंच चित्रपटाला २६ मे २०१३ रोजी कान चित्रपट महोत्सवात पाल्म दोर हा सर्वोच्च पुरस्कार मिळाला, त्याच दिवशी पॅरिसमध्ये समलिंगी विवाहाच्या कायद्याविरुद्ध प्रचंड मोर्चा निघाला होता. चित्रपटातल्या दोन्ही अभिनेत्रींनी चित्रीकरणातल्या दिग्दर्शकाच्या वागणुकीबद्दल जाहीर तक्रार केली, आणि ती तक्रार मला रास्त वाटते. डिसेंबर २०१५ मध्ये एका संघटनेच्या मागणीवरून पॅरिसच्या प्रशासकीय अपील न्यायालयाने या चित्रपटाचा प्रदर्शन परवानाच रद्द केला. त्या वेळी तिथले संस्कृती मंत्रालय त्या चित्रपटासाठी देशाच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयात गेले आणि सप्टेंबर २०१६ मध्ये जिंकले. १२ वर्षांखालील मुलांना मनाई आणि प्रेक्षकांना पूर्वसूचना, एवढ्यावर भागले. एका मुलीच्या पहिल्या प्रेमाच्या गोष्टीसाठी सरकार वादी म्हणून उभे राहिले, महोदय!

आपल्याकडे २०२१ मध्ये सेन्सॉरच्या निर्णयाविरुद्ध दाद मागण्याचे चित्रपट अपील न्यायाधिकरण बंद करून निर्मात्यांना उच्च न्यायालयाच्या दारात बसवले. २०२३ च्या कायद्यातून चित्रपटांच्या प्रमाणपत्रात ७, १३ आणि १६ वर्षांचे टप्पे आले आणि मुलांनी काय पाहावे हे पालक ठरवतील, असे सांगण्यात आले. त्यानंतर २०२५ मध्ये ‘सुपरमॅन’मधले स्त्री-पुरुषाच्या चुंबनाचे ३३ सेकंदांचे दृश्य कापले गेले. जिथे पती-पत्नी, प्रियकर-प्रेयसी यांचीही गय नाही, तिथे दोन मुलींची काय कथा? २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांचे परस्परसंमत समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले, पण कारकुनापासून सभागृहाच्या रखवालदारापर्यंत प्रत्येक जण आजही स्वतःला न्यायाधीश समजतो, कारण वरून कोणी त्याला थांबवत नाही.

माझ्या मागण्या साध्या आहेत. अपील न्यायाधिकरण पुन्हा सुरू करा. महाविद्यालये आणि चित्रपट मंडळे यांना परदेशी चित्रपट दाखवण्यासाठी ठरावीक मुदतीत लेखी परवानगी मिळेल अशी सोय करा, आणि नकार दिल्यास त्याचे कारण कळवा. दोन स्त्रियांमधले प्रेम हे प्रमाणपत्र नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही, असे परिपत्रक आपल्या सहीने काढा. ते हाती आले की ‘वॉटर लिलीज’ मी त्याच सभागृहात लावणार आहे.

आपली,
एक फ्रेंच शिक्षिका