गावागणिक गाडी कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात पान तीनवर मैला उपशाच्या सक्शन गाडीच्या लोकार्पणाची बातमी वाचली. नारळ, हार, बॉनेटवर स्वस्तिक, फोटोत सगळे व्यवस्थित आले आहे. सरपंचांचे अभिनंदन. पण खालच्या चौकटीत आपल्या प्रतिनिधींनी ‘प्रत्येक ग्रामपंचायतीने हा आदर्श घ्यावा’ असे लिहिले आहे. ते कोणी मनावर घेऊ नये, एवढ्यासाठी हे पत्र. शेजारच्या नगरपरिषदेकडे तशीच गाडी आहे आणि मैलागाळ प्रक्रिया केंद्रही आहे, तेही क्षमतेपेक्षा कितीतरी कमी भरणारे. याचा बातमीत एका ओळीनेही उल्लेख नसावा?

साधा हिशेब करू. गावात ६०० घरे धरा. त्यातली २५० घरे दोन शोषखड्ड्यांच्या शौचालयांची. तिथे गाडीचे कामच नाही. एक खड्डा भरला की कुंडीतून प्रवाह दुसऱ्याकडे वळवायचा, पहिला दीड-दोन वर्षे बंद ठेवायचा, मग कोरडे खत फावड्याने काढायचे. उरली सेप्टिक टँकची ३५० घरे. दर पाच वर्षांनी उपसा धरला तर वर्षाला ७० टाक्या. पाच हजार लिटरची गाडी केंद्र जवळ असेल तर दिवसाला तीन खेपा आरामात करते. म्हणजे गावाची स्वतःची गाडी वर्षातून २४ दिवस कामाला आणि ३४१ दिवस समाजमंदिराच्या मागे उभी.

आणि उभी गाडी फुकट उभी राहत नाही. व्हॅक्यूम पंपातले तेल आटते, पाती खाचेत चिकटतात, मग पंप फिरतो पण ओढत नाही. होजपाइप उन्हात तडकतो. एका बारीक चिरेतून हवा शिरली तरी ओढ तुटते आणि चालक सांगतो, ‘पंप गेला’. बॅटरी उतरते. विमा मात्र दरवर्षी भरावाच लागतो, आणि फिटनेस ठरल्या मुदतीला काढावाच लागतो. चालकाला बारा महिन्यांचा पगार द्यायचा तर २४ दिवसांच्या कामासाठी कोण देणार? मग ट्रॅक्टरवाल्याला बोलावून चाक फिरवले जाते. त्याला ना झडप कळते, ना टाकीत साचलेला वायू.

पावसाळ्याचे चार महिने सोडा. तेव्हा वाटा खचतात, आणि भूजल वर आलेले असताना टाकी रिकामी केली तर हलकी टाकी खालच्या दाबाने उचलली जाते. सुट्ट्या, दुरुस्ती वजा जाता कामाचे २०० दिवस उरतात, म्हणजे ६०० खेपा. अशी आठ गावे मिळून एकच गाडी वापरू लागली, तर त्यांच्या होतात ५६०. उरलेल्या ४० अडीअडचणीला. एका गाडीला एवढेच काम हवे, याहून जास्तही नको. मळणी यंत्र गावात कोणी घरटी एक घेत नाही, पाळी लावून भाड्याने आणतात. गाडीच्या बाबतीत हे शहाणपण कुठे जाते?

गाडीपेक्षा मोठा प्रश्न पुढचा, आणि तो आपल्या बातमीत औषधालाही नाही. उपसलेला गाळ जाणार कुठे? टाकीमागे चार घनमीटर गाळ धरला, तर एका गावाचा गाळ कामाच्या दिवसाला सरासरी दीड घनमीटरही भरत नाही. तेवढ्यासाठी जाळी, वाळवण वाफे, सांडपाण्याचे तळे, वर छप्पर आणि एक माणूस? वाफ्यावर वीत-सव्वा वीत जाडीचा थर द्यावा लागतो आणि तो वाळायला दहा-पंधरा दिवस जातात. आज दोन खेपा आणि मग महिनाभर काहीच नाही, असा वाफा चालत नाही. त्यावर गवत उगवते आणि पुढे त्याचा उकिरडा होतो. आठ गावांचा गाळ मिळून दिवसाला अकरा घनमीटरच्या आसपास जातो, तोही शहराच्या केंद्रात सहज मावणारा. केंद्राला गाळ हवा आहे, गावाला केंद्र हवे आहे, मध्ये फक्त हद्दीचा दगड आहे.

‘हद्दीबाहेर काम केले तर लेखापरीक्षणात आक्षेप येतो’ हे उत्तर प्रत्येक मुख्याधिकाऱ्यांच्या कार्यालयात तयार असते. येतो, पण करार नसेल तर. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५० मध्ये दोन किंवा अधिक स्थानिक संस्थांच्या संयुक्त समितीची तरतूद आहेच. साताऱ्यात जकातवाडी, सोनगाव, कोडोली आणि देगाव या ग्रामपंचायतींनी नगरपालिकेच्या केंद्राशी करारच केला, पाच वर्षांतून एकदा उपसा या बोलीवर. वाई नगरपरिषदेत तर दर तीन वर्षांनी पाळीने टाक्या उपसण्याची पद्धत कधीच सुरू झाली. टाकी तुंबायची वाट पाहायची नाही, गल्लीचा नंबर आला की गाडी येते. पैसेही नाहीत म्हणता येणार नाही. पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतींच्या अनुदानातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधून दिला. त्यातून काय घेतले, तर गाडी. कारण कराराचा फोटो निघत नाही.

करार केला की सगळे सुरळीत, असेही मी म्हणत नाही. असे करार मोडतात आणि बहुतेक एकाच ठिकाणी मोडतात. प्रादेशिक पाणीपुरवठा योजनांचे जे झाले, ते आठवा. दोन गावांनी पट्टी थकवली, वीजबिल राहिले, वीज तोडली आणि पैसे भरणारी गावेही कोरडी पडली. तेव्हा पैसे आधी हवेत. प्रत्येक ग्रामपंचायतीने वर्षाचा वाटा एप्रिलमध्येच संयुक्त खात्यात भरावा. ज्या गावाचा वाटा नाही, त्याची पाळी शेवटी. घरमालकाकडून उपशाच्या दिवशी एकरकमी दोन हजार मागितले तर तो टाकी उघडणारच नाही, बारा वर्षे तशीच ठेवील. तेच वर्षाला ४०० घरपट्टीच्या पावतीत आले तर कुरकुरेल, पण भरेल.

दुसरे, चालकाचे किंवा ठेकेदाराचे पैसे घरी नव्हे, केंद्रावर द्यावेत. घरी दिले की भरलेली गाडी पहिल्या ओढ्याकाठी रिकामी होते, डिझेल वाचते. पावती तीन सह्यांची हवी: घरमालक, चालक आणि केंद्रावरचा माणूस. तिसरी सही नसेल तर पैसे नाहीत. गाडीला जीपीएस लावूनही हे थांबत नाही, कारण तो तक्ता कोणी उघडतच नाही. पावतीशिवाय बिलच निघणार नसेल, तर मात्र चालक स्वतःहून केंद्र गाठतो. आणि गावे निवडताना फार लांबची घेऊ नयेत. दहा-पंधरा कि.मी.च्या पुढे दिवसाच्या तीन खेपांच्या दोन होतात आणि वरचा सगळा हिशेब कोलमडतो. लांबच्या गावांनी आपसात मिळून दुसरे केंद्र करावे, शहराच्या मागे लागू नये.

करारात आणखी बारीक गोष्टी लिहाव्या लागतात, त्या न लिहिल्यामुळेच भांडणे होतात. होजपाइप किती मीटर? तीस मीटरच्या पुढे टाकी असेल तर जोडपाइप कोणाचा? बोळात मोठी गाडी शिरत नाही, तिथे ट्रॅक्टरवरची छोटी टाकी कोण देणार? टाकीवर लादी बसवली असेल तर फोडायची कोणी आणि पुन्हा बसवायची कोणी? (अर्धा दिवस इथेच जातो.) गॅरेज किंवा हॉटेलचा तेलकट गाळ केंद्राने परत पाठवला तर ती खेप कोणाच्या नावावर? बारा-पंधरा वर्षे न उपसलेल्या टाकीत तळाचा थर दगडासारखा बसतो, पाइप नुसते वरचे पाणी ओढतो. त्याला आधी पाण्याचा फवारा मारून सैल करावे लागते. तो फवारा गाडीवर नसला की कोणीतरी ‘जरा आत उतर’ म्हणतो. हाताने मैला उपसण्याला बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने ते बंद आहे, आणि असा मृत्यू झाला तर भरपाई ३० लाख, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितले आहे. लोकार्पण झालेल्या गाडीवर फवाऱ्याचा पंप आहे का? फोटोत तरी दिसला नाही, हार फार होते.

आपल्या प्रतिनिधींना एक विनंती. पुढच्या वेळी सरपंचांना ‘कसे वाटते’ याऐवजी ‘पहिली खेप कुठे रिकामी केली’ असे विचारा.

जाता जाता अग्निशमन गाडीचेही. परवाच्या अंकात गोठा जळाल्याच्या बातमीत ‘बंब उशिरा पोहोचला’ एवढेच छापले आहे. बंब उशिरा निघाला की उशिरा पोहोचला? ग्रामीण भागासाठी २० मिनिटांत पोहोचण्याचे मानक आहे. हद्दीबाहेर बंब पाठवायला कोणाची परवानगी लागते, डिझेलचे पैसे कोण देणार आणि रात्री दोन वाजता हे कोणाला विचारायचे, याचा ठराव नगरपरिषद आणि ग्रामपंचायत अशा दोन्हीकडे झालेला नसेल, तर ती २० मिनिटे फोनाफोनीतच संपतात. हा ठराव आपल्या तालुक्यात कोणत्या ग्रामपंचायतींनी केला आहे, त्यांची यादी आपण छापावी. जागा फारशी लागणार नाही.

आपला,
एक वाचक
(नाव व पत्ता पत्रासोबत दिला आहे, प्रसिद्ध करू नये.)