व्हिनेगर झालेली शिराझ आणि दोरीपलीकडचं म्युझिक

प्रति,
मा. व्यवस्थापक,
टेस्टिंग रूम व कार्यक्रम विभाग, नाशिक

दिनांक: २६ फेब्रुवारी २०२६

विषय: शनिवार, २१ फेब्रुवारीच्या वाइन टेस्टिंग आणि लाइव्ह म्युझिकच्या चार तिकिटांचे पूर्ण पैसे व लेखी माफी मिळणेबाबत.

महोदय,

आत्ताच तुमच्या हेल्पलाइनचा फोन ठेवला. पलीकडच्या मुलाने शेवटी सांगितलं, "मॅडम, टेस्टिंगचं टेस्टिंगवाल्यांना विचारा, म्युझिकचं इव्हेंटवाल्यांना. आमच्याकडे फक्त बुकिंग असतं." पैसे घेताना सगळं एकच होतं. तिकीट एक, रक्कम एक, क्यूआर कोड एक. म्हणून आता तुम्हालाच लिहिते आहे.

आमचा टेस्टिंगचा स्लॉट साडेचारचा होता आणि सहापासून म्युझिक. नागपूरहून माझी नणंद आणि तिचे यजमान आले होते. सकाळी त्र्यंबकेश्वर केलं आणि संध्याकाळ मुद्दाम तुमच्याकडे यायला राखून ठेवली, कारण गंगापूर धरणावर सूर्य मावळताना त्यांना दाखवायचा होता. साडेचारला आम्ही दारात हजर होतो. आत सोडलं सहा वाजता. मधल्या वेळात कुठल्याशा कंपनीची पन्नासेक माणसं आमच्या पुढून आत गेली. विचारलं तर "ग्रुप बुकिंग आहे". नणंदेच्या यजमानांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं आहे. त्यांच्यासाठी एक खुर्ची मागितली, तीही मिळाली नाही. दीड तास ते गिफ्ट शॉपच्या पायरीवर बसून होते. पुढे सूर्य मावळला तेव्हा आम्ही आत टेस्टिंगला होतो, त्यामुळे सूर्यास्त हुकलाच.

आत गेल्यावर पहिली आली सॉव्हिन्यॉन ब्लाँ, म्हणजे पांढरी वाइन. ग्लास हातात घेतला तर कोमट. ही वाइन ८ ते १० अंशांच्या आसपास द्यायची असते, हे तुम्हाला मी सांगायला नको. गाईडला म्हटलं, ही गार नाहीये. त्याने चिमट्याने बर्फाचा खडा उचलला आणि मला न विचारता माझ्या ग्लासात टाकला. जिथे वाइन बनते तिथे, टेस्टिंगच्या ग्लासात, बर्फ! विरघळल्यावर त्या वाइनची चव कशी कळणार होती?

मग शिराझ, म्हणजे लाल वाइन आली आणि खरी तक्रार इथून सुरू होते.

माझं माहेर दिंडोरी तालुक्यातलं. २००१ साली राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं. त्यानंतर काही वर्षांनी वडिलांनी थॉमसन या खायच्या द्राक्षांची चालू बाग काढून वाइनची द्राक्षं लावली, शिराझ आणि शेनिन. भावकीने वेड्यात काढलं होतं. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, भुरी रोगाची धास्ती, तोडणीआधी सकाळी मणी पिळून रिफ्रॅक्टोमीटरवर ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर बघणं, हे सगळं बघत मी मोठी झाले. ब्रिक्स ठरल्यापेक्षा कमी भरला तर वायनरी माल परत पाठवते, आणि वडील ते ऐकून घेतात, कारण करारात तसं लिहिलेलं असतं.

तर शिराझ नाकाजवळ नेली आणि झोंबली. सरळ व्हिनेगर. मी बाटलीकडे पाहिलं. तळाशी चार बोटं वाइन, बूच उलटं खुपसलेलं, लाल डागाची बाजू वर, आणि तोंडाशी चिलटं फिरत होती.

मी विचारलं, "ही बाटली कधी उघडली?"

"आजच, मॅडम."

"याला व्हिनेगरचा वास येतोय. तुम्ही घेऊन बघा."

"ड्युटीवर आम्हाला प्यायला अलाउड नाही."

"पिऊ नका. नुसता वास घ्या."

मी ग्लास त्याच्यापुढे धरला होता. त्याने तो घेतला नाही. माझ्याकडे न बघता माझ्या नवऱ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, "सर, मॅडमची पहिलीच वेळ का? पहिल्यांदा पिणाऱ्यांना शिराझ अशीच लागते. टॅनिन असतं ना त्यात."

शेजारच्या टेबलावरचे दोघे-तिघे हसले. नणंदेने आपला ग्लास खाली ठेवला आणि मला हळूच म्हणाली, "राहू दे ना, आपल्याला काय कळतंय त्यातलं."

व्यवस्थापक महोदय, टॅनिनने तोंड तुरट होतं, जीभ कोरडी पडते. नाकात झोंबत नाही. बाटली उघडी राहिली, आत हवा खेळली की जिवाणू अल्कोहोलचं व्हिनेगर करतात. तुमच्या गाईडला हे माहीत नसेल तर त्याला शिकवलं नाही हा तुमचा दोष. माहीत असून तो तसं बोलला असेल तर गोष्ट आणखी वाईट आहे. त्याला फक्त वास घ्यायचा होता. दोन सेकंदांचं काम. त्याऐवजी त्याने मला पाहुण्यांसमोर अडाणी ठरवलं, आणि प्रश्न मी विचारला असताना उत्तर माझ्या नवऱ्याला दिलं. शेतकऱ्याच्या मालाचा ब्रिक्स कमी भरला तर तुमचा धंदा ट्रॉली परत पाठवतो. मग खराब झालेली बाटली परत घेताना तुमची जीभ का जड होते?

बाटलीवर उघडल्याची तारीख लिहायलाही कोणाला सुचत नाही.

बाहेर आलो तेव्हा सात वाजून गेले होते. स्टेजच्या अलीकडे दोरी आणि एक गार्ड. "आत प्रायव्हेट पार्टी आहे." आमच्याकडे तिकीट आहे म्हटलं तर "वरून ऑर्डर आहे". दोरीपलीकडे तीच कंपनीची मंडळी बसली होती, गिटार चालू होतं, गाणारी मुलगी छान गात होती. पार्किंगपर्यंत आवाज येत होता. आज हेल्पलाइनचा मुलगा मला सांगतो, "साउंडच्या सरकारी नियमामुळे म्युझिक लवकर बंद करावं लागलं." लाउडस्पीकरवरची बंदी रात्री १० ते सकाळी ६ अशी आहे. आणि म्युझिक बंद झालंच नव्हतं, आम्ही ते कानांनी ऐकलं. आमच्या तिकिटाची जागा तुम्ही दुसऱ्यांना विकलीत आणि वर खोटं बोललात.

'नाशिक व्हॅली वाइन'ला भौगोलिक मानांकन आहे. बाहेरगावचा माणूस नाशिकची वाइन म्हणून जे चाखतो ते तुमच्या काउंटरवर चाखतो. माझी नणंद आता नागपुरात जाऊन सांगणार, नाशिकची वाइन आंबट लागते. माझ्या वडिलांच्या द्राक्षांचं नाव तुम्ही असं घालवताय, याचा मला पैशांपेक्षा जास्त त्रास होतो आहे. कोणी पाहुणे आले की तुमच्याकडे घेऊन जाणारी मी होते. यापुढे नेणार नाही, आणि कोणी विचारलं तर का नेत नाही तेही सांगेन.

चारही तिकिटांचे पूर्ण पैसे पंधरा दिवसांत परत करा. अर्धे नकोत, पुढच्या वेळेचं कूपनही नको. हेल्पलाइनने दोन्ही देऊ केलं होतं. पैसे आले नाहीत तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवेन आणि ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली नाशिकच्या जिल्हा आयोगाकडे जाईन. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे शुल्क लागत नाही. तिकिटं, त्या बाटलीचा फोटो आणि दोरीच्या अलीकडून काढलेला गाण्याचा व्हिडिओ सोबत जोडला आहे. व्हिडिओवर वेळ दिसते.

शिराझच्या त्या बाटलीचं काय झालं, ती त्यानंतर आणखी किती जणांना दिली, याचंही उत्तर लेखी द्या.

माफीचं पत्र माझ्या नावाने नको. नणंदेच्या आणि तिच्या यजमानांच्या नावाने नागपूरच्या पत्त्यावर पाठवा. पत्ता बुकिंगमध्ये आहे.

आपली ग्राहक,
गंगापूर रोड, नाशिक