शिकोकूच्या वाटेवरून घरी

मुरोतो, शिकोकू बेट, जपान

ती. आण्णा व सौ. आईस शि. सा. नमस्कार, वि. वि.

मी खुशाल आहे. आई, व्हिडिओ कॉलवर माझा पांढरा अंगरखा पाहून तू रडलीस म्हणे. अगं, इथले बहुतेक यात्रेकरू तोच घालतात. पूर्वी वाटेत मरण आलं तर तेच शेवटचं वस्त्र व्हावं म्हणून घालायचे, हे खरं. पण आता डांबरी रस्ता आहे, दुकानं आहेत, फोनला रेंज आहे. एकट्या चालणाऱ्या बायकाही भेटतात. पायाला फोड आलेत, तेवढे तर आण्णांना लोणंदला पोचेपर्यंत दरवर्षी येतात.

आण्णा, पंढरी सोडून तिकडे कसली वारी, असं तुम्ही विचारलंत. या बेटाभोवती 88 देवळं आहेत आणि सगळी वाट साधारण 1200 किलोमीटरची. नोकरीवाले सुट्टी मिळेल तशी तुकड्यातुकड्यानं चालतात, मीही तशीच. सगळं कोबो दाइशी या बौद्ध संताच्या नावानं. 835 साली ते कोयासान डोंगरावर समाधीत बसले ते अजून तिथंच आहेत, अशी श्रद्धा आहे. रोज दोन वेळा त्यांना नैवेद्य जातो. आळंदीहून निघणाऱ्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही.

नवल आहे ते काठीचं. चालताना हातात असते ती काठी म्हणजे प्रत्यक्ष दाइशी, आपल्याबरोबर चालणारे. मुक्कामाला पोचलं की आपले पाय नंतर, आधी काठीचं टोक धुवायचं. आणि पुलावर काठी टेकवायची नाही. का, तर ओझू गावात त्यांना कुणी रात्रीचा आसरा दिला नाही, म्हणून ते पुलाखाली झोपले. ती एक रात्र त्यांना दहा रात्रींएवढी लांब गेली. म्हणून कुठल्याही पुलावर काठी उचलूनच चालायचं, खाली ते झोपलेले असले तर जाग येऊ नये. नदीवरचा मोठा पूल असो की ओढ्यावरची मोरी, शेजारून ट्रक धडधडत का जाईनात, सगळे उचलतात. आता माझाही हात आपोआप वर जातो.

काल एक म्हातारी शेतातून धावत आली, ओंजळभर संत्री माझ्या हातात कोंबली आणि हात जोडून उभी राहिली. इथं नाही म्हणायचं नसतं. घ्यायचं, आणि आपलं नाव-मागणं लिहिलेली चिठ्ठी द्यायची. माझ्या चिठ्ठ्यांवर मी आजीचं नाव लिहिते. देवळात हृदयसूत्र हा बौद्ध पाठ म्हणतात, त्याच्या शेवटी ‘गते गते पारगते’ येतं, तेही तिच्यासाठी जरा मोठ्यानं म्हणते. तिच्या दहाव्याला मला येता आलं नाही. तुम्ही कुणी त्यावर अवाक्षर काढलं नाहीत, त्याचंच जास्त लागतं.

तरडगावात पालखी आली की आजी पिठलं-भाकरी घेऊन दारात उभी राहायची, मिसरूड न फुटलेल्या वारकऱ्याच्याही पाया पडायची. का, ते मला काल कळलं. म्हातारी मला नमस्कार करत नव्हती, माझ्यासोबत चालणाऱ्याला करत होती. कुणी आपल्याला असं मानलं की पुढचे चार मैल तसं वागावंच लागतं, कुरकुर करता येत नाही. देवळात पोचल्यावर वाटत नाही इतकं मला असं वाटेवर वाटतं. माझी भक्ती असेल तर ती एवढीच.

आण्णा, यंदा पूर्ण चालू नका. चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण बघा आणि घरी या. पंपाचे पैसे महिनाअखेरीस टाकते, पण दादाला सांगा, त्यातून सोसायटीचा हप्ता भरू नको, आधी आण्णांचे गुडघे पुण्याला दाखव. मी असते तर मीच नेलं असतं.

आई, फलटणच्या मुलाशी बोलले. समजूतदार वाटला. पण लग्नानंतर दोन वर्षं माझी नोकरी इथंच राहणार, हे त्याच्या घरी आत्ताच सांगा, मागाहून नको. शेत गहाण टाकायचं मनातही आणू नका, खर्चाचं मी बघते. तारीख तुळशीच्या लग्नानंतरची धरा आणि ठरली की लगेच कळवा, तिकीट आधी काढलं तर स्वस्त पडतं.

तुमची,
छकुली