आशांची वाढ छापलीत, अडवलेला मोबदलाही छापा

संपादक महोदय, स. न. वि. वि.

केंद्राने आशांचे, म्हणजे आम्हा गावोगावच्या आरोग्य स्वयंसेविकांचे, ठरावीक मानधन २००० वरून ३५०० रुपये केल्याची बातमी आपल्या कालच्या अंकात ठळक आली आहे. सकाळपासून जो तो अभिनंदन करतोय. वाढ हवीच होती. पण आमचे बरेचसे काम कामागणिक मोबदल्यावर चालते आणि तो कसा अडतो, याबद्दल बातमीत एक ओळ नाही.

नवजात बाळाच्या गृहभेटींचेच घ्या. दवाखान्यात बाळंतपण झाले तर बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा भेटी, आणि त्या पूर्ण झाल्या की २५० रुपये. २०११ चा हा दर माझ्या दावापत्रकावर आजही तोच आहे. गेल्या पावसाळ्यात पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेल्या एका मुलीचे बाळ जेमतेम दोन किलोचे होते. दुसऱ्या भेटीत ते दूध ओढेना. घड्याळ समोर धरून मिनिटभर श्वास मोजले, साठाच्या वर. पुन्हा मोजले, तेवढेच. रात्रीची गाडी करून त्यांना दवाखान्यात नेले, सकाळपर्यंत तिथेच बसले. बाळ वाचले. पुढे सासरे आजारी पडले म्हणून चौथ्या भेटीनंतर तिला सासरी जावे लागले. उरलेल्या दोन भेटी तिकडच्या आशाताईने दिल्या. माझ्या सहा भरल्या नाहीत म्हणून माझा दावा नामंजूर, तिच्याही भरल्या नाहीत म्हणून तिचा नामंजूर. बाळाला सहाही भेटी मिळाल्या आणि पैसे दोघींपैकी कोणालाच नाहीत! लेक बाळंतपणाला माहेरी येते म्हणून अशा वेळी मोबदला दोन्हीकडच्या आशांत वाटून द्यावा, असे केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांतच आहे. मग आमच्या हातात तो का पडत नाही?

तीन महिन्यांपासून पंधरा महिन्यांपर्यंतच्या बाळांना आम्ही पाच भेटी देतो, त्यांचे भेटीमागे ५० रुपये धरलेले आहेत. मग बाळ सर्वांत नाजूक असताना दिलेल्या भेटींनाच पूर्णतेची अट कशाला? हे काम आपल्याच गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी उभे केले. गावातल्या शिकवलेल्या बाया बाळे वाचवू शकतात, हे १९९९ मध्ये जगापुढे आले. त्या बाईची मजुरी तरी नीट द्या.

राज्याची ५००० रुपयांची वाढसुद्धा सहज मिळालेली नाही. ती नोव्हेंबर २०२३ पासून लागू, पण शासन निर्णय निघाला मार्च २०२४ मध्ये, तोही संप करून, आझाद मैदानावर बसून. तेव्हा आम्हाला आपल्या अंकात एवढी जागा मिळाली नव्हती.

गृहभेटींचा मोबदला भेटीगणिक द्यावा आणि बाळंतीण गाव बदलून गेली तर दोन्हीकडच्या आशांना आपापल्या भेटींचे पैसे मिळावेत, एवढे कृपया छापा.

आणखी एक. बातमीसोबतचा फोटो अंगणवाडी सेविकांचा आहे. त्यांचे खाते वेगळे, मागण्या वेगळ्या. त्यांच्यावरही हा अन्यायच आहे. दुरुस्ती पहिल्या पानावरच यावी.

आपली,
एक आशा स्वयंसेविका
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)