विमानाचा खोका तुमच्या दोघांसाठी आहे

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, जोडायच्या मॉडेल विमानाचा खोका तुम्ही ‘नातू आला की उघडू’ म्हणून कपाटात ठेवलात, हे आईकडून कळलं. तो खोका तुमच्यासाठी घेतलाय. आणि आईसाठीही.

स्पिटफायर हे गाजलेलं ब्रिटिश लढाऊ विमान मी मुद्दाम घेतलं नाही. ते देखणं आहेच, पण सगळं कौतुक त्याच्याच वाट्याला येतं. १९४० च्या ब्रिटनच्या लढाईत जास्त जर्मन विमानं पाडली ती हॉकर हरिकेनने, आणि खोक्यात तेच आहे. १९४४ साली इंफाळला भारतीय हवाई दलातल्या अर्जन सिंगांची स्क्वाड्रन, म्हणजे विमानांची तुकडी, लढली, तीही हरिकेनवरच. १/४८ चं, म्हणजे खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या हिश्श्याएवढं मॉडेल घेतलं, म्हणजे पंखांची टोकापासून टोकापर्यंत लांबी पंचवीस सेंटिमीटर भरेल. याहून लहान भागांनी तुमच्या डोळ्यांना ताण आला असता.

आई, या विमानाची शेपटाकडची बाजू कापडाची होती. आत धातूच्या नळ्यांचा सांगाडा, त्यावर लाकडी पट्ट्या आणि वरून ताणून बसवलेलं कापड. गोळी आरपार गेली तर ठिगळ लावायचं आणि पुन्हा उडायचं! मॉडेलच्या प्लॅस्टिकवर त्या पट्ट्यांचे बारीक उंचवटे आहेत. पॉलिश पेपर जोरात फिरला की ते गेलेच. शिवणातला तुझा हात माहीत आहे, म्हणून शेपूट तुझ्याकडे.

बाबा, तुम्हाला इंजिनाची गोष्ट सांगायची राहिली होती. विमानाचं नाक झटकन खाली केलं की हरिकेनचं मर्लिन इंजिन गचके खायचं. कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल वर उसळायचं, आधी इंजिन उपाशी राहायचं, मग एकदम जास्त पेट्रोल येऊन गुदमरायचं. जर्मन इंजिनात फ्युएल इंजेक्शन, म्हणजे पेट्रोल दाबाने आत सोडायची सोय होती, त्यामुळे ते वैमानिक सूर मारून निसटायचे. बीट्रिस शिलिंग या इंजिनिअर बाईंनी १९४१ मध्ये उपाय काढला: इंजिनाला लागेल तेवढंच पेट्रोल जाईल अशा मापाचं भोक असलेली धातूची एक चकती. विमान कारखान्यात न नेता ती बसवता यायची. आयुष्यभर मशिनं दुरुस्त केलेल्या माणसाला याचं मोल मी काय सांगू?

जोडताना घाई नको. भाग फ्रेमवरून पिळून तोडू नका, कटरने कापा. साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवा. कॉकपिट आधी रंगवा, धडाचे दोन अर्धे चिकटले की आत ब्रश जात नाही. पातळ गोंद फटीला नुसता टेकवा, तो आपोआप आत ओढला जातो. त्या वेळी खिडकी उघडीच हवी, आई, एवढं तू बघ.

ब्रह्मदेश आघाडीची डिकल्स, म्हणजे मॉडेलवर चिकटवायची चिन्हं, वेगळी मागवलीत. जपानी विमानांच्या लाल गोळ्याशी गल्लत नको म्हणून तिथल्या आपल्या बाजूच्या विमानांवरच्या वर्तुळातला लाल रंग काढून टाकला होता. खोक्यातली लाल वर्तुळं लावू नका.

कॉकपिट झालं की फोटो पाठवा. डॅशबोर्डवरच्या घड्याळांचे काटे बाबांनी कसे रंगवलेत ते मला जवळून बघायचंय.

तुमची लेक